पांढऱ्या गठ्ठ्यांतला मुरघास

एविंदुरने पांढऱ्या प्लास्टिकच्या गठ्ठ्यात चाकू खुपसला. "आधीच सांगतो, घाण वास आला तर सगळं तुझ्या गाडीत भरून देईन."

"दे," स्टेनून बापाला म्हणाली. तिचं लक्ष हुप्पाकडे होतं. गोठ्यात सर्वांत नखरेल गाय तीच.

डोंगरावरच्या वीजकेंद्रात जमिनीतल्या वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइडही वर येतो. तो वायू पाण्यात सोडायचा, त्यातून केंद्राचीच वीज खेळवायची आणि फॉर्मिक आम्ल करायचं, हे स्टेनूनचं काम. मुंगी चावल्यावर आग होते ती याच आम्लाने. गवतावर ते फवारलं की मुरघास, म्हणजे गठ्ठ्यात बांधून मुरवलेला ओला चारा, हिवाळाभर सडत नाही. आजवर ते परदेशातूनच यायचं.

"आइसलँडात औषधाला मुंगी नाही, आणि आमच्या लेकीला मुंगीचं आम्ल करायचंय!" गेल्या उन्हाळ्यात बाप म्हणाला होता. पण लेकीचं मन मोडवेना. वरच्या कुरणातल्या चांगल्या गवतावर त्याने विकतचं आम्ल मारलं आणि तिच्या वाट्याला नदीकाठचं, पावसात भिजलेलं गवत दिलं.

तिने त्यावरच आपलं आम्ल फवारलं आणि हे गठ्ठे बांधले. ओलं गवतच आधी सडतं. परीक्षा खरी व्हायची तर अशीच व्हायला हवी. पण हा चारा फुकट गेला, तर बापाला उरलेला हिवाळा चारा विकत घ्यावा लागला असता, आणि तिच्या आम्लाला या गोठ्यात पुन्हा जागा मिळाली नसती.

प्लास्टिक सुटलं. आंबूस, किंचित गोड वास पसरला. एविंदुरने मूठभर चारा नाकाशी धरला, पुन्हा धरला.

"मला सर्दी झालीय," तो म्हणाला. "हुप्पाला विचारू."

हुप्पाने हुंगलं, एक घास घेतला आणि मान फिरवून सरळ पाण्याकडे गेली.

स्टेनूनने गठ्ठ्यातला चारा स्वतःच हुंगून पाहिला.

"धीर धर गं. मी रांधलं की तुझी आईसुद्धा आधी पाणीच पिते."

हुप्पा परतली. चाऱ्यात तोंड खुपसलं ते वर काढेना. शेजारच्या गाईने मान लांबवली, तर तिला ढुशी दिली.

एविंदुरने मूठभर चारा कोटाच्या खिशात कोंबला.

"तो कशाला, बाबा?"

"शेजारच्या कारीच्या नाकाखाली धरायला. वीजकेंद्राच्या धुराने कधी चारा टिकतो का, म्हणून उन्हाळाभर हसत होता लेकाचा." दाराशी जाऊन तो थांबला. "यंदा वरच्या कुरणालाही पुरेल एवढं आण. आणि कॉफी ठेव, आलोच."