लाडक्यांचा बाक

फादर ऑस्करच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथून कोंसूच्या हालांना सुरुवात झाली.

मुंबईच्या सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले फादर मालवणात आले, त्यानंतरचा पहिलाच रविवार होता. चर्चच्या मागच्या दाराने ते आत शिरले आणि पाहतात तो सोळा वर्षांची एक मुलगी गायकांच्या माळ्याकडे जाणाऱ्या लाकडी जिन्यावर बसलेली. तोंड खालच्या पायऱ्यांकडे, पाठ वरच्या. दोन्ही हात टेकून ती स्वतःला उचलत होती आणि मागच्या मागे एकेक पायरी चढत होती. लुळा उजवा पाय आपला मागोमाग येत होता. मांडीवर व्हायोलिनची पेटी. फादर तिथेच खांबाला धरून उभे राहिले.

एकोणीस पायऱ्या होत्या. कोंसू सहा वर्षं त्या अशाच चढत होती आणि गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. कोळीण डोक्यावर पाटी घेऊन चालते, कोंसू बसून जिना चढते, ज्याची त्याची रीत. वर मेस्त कायतान तिची वाट बघत असायचे. मेस्त म्हणजे चर्चचे संगीतमास्तर. दहा वर्षांची असताना त्यांनी तिच्या हातात व्हायोलिन दिलं, ते दयेपोटी मुळीच नव्हे. आजवरची त्यांची सगळी पोरं शिकता शिकता मुंबईला नाहीतर बोटीवर पळाली होती. ही पळणार नाही, एवढाच त्यांचा हिशोब. पुढे तिचा हात त्यांच्यापेक्षाही गोड निघाला. मग त्यांनी कुरकुरत का होईना, स्वतः साथीचं दुसरं व्हायोलिन घेतलं आणि मुख्य चालीचं पहिलं तिला दिलं.

एवढं सगळं फादरना कोण सांगणार? त्यांना दिसला तो जिना.

माणूस मात्र सोन्यासारखा, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. महिन्याभरात त्यांनी सायकलवरून गावं पालथी घातली आणि अपंग तरुण मुलामुलींचा एक संघ काढला. सात जण जमले. मुका-बहिरा इनास पंधरा वर्षांचा होईपर्यंत परसदाराच्या पलीकडे गेला नव्हता. त्याला फादरनी हाताला धरून समुद्रावर नेलं, तेव्हा त्याची आई रस्त्यात बसून रडली. कट्ट्याहून आंधळा लवू यायचा. तो हिंदू, पण फादर जात विचारत नव्हते आणि त्याची आई यशोदा संघात मिळणाऱ्या दुधाच्या पावडरीचा धर्म विचारत नव्हती. रविवारची उपासना, म्हणजे मिसा, झाली की मुलांना एकत्र बसवून प्रार्थना, गाणी आणि भिंतीवर कंदिलाच्या यंत्रातून बायबलची रंगीत चित्रं. लवूलासुद्धा चित्रं. तो बिचारा मान डोलवून "बरी आसत" म्हणायचा.

आणि मग आला बाक. दत्ताराम सुताराने फणसाच्या लाकडाचा केलेला, पाठीला टेकण, पायाला पाट. पाठीवर कोरलेली अक्षरं: 'प्रभूची लाडकी लेकरं'. अल्तारीसमोर, म्हणजे वेदीसमोर, सगळ्यांच्या पुढे.

"कोंसू, आजपासून तू इथे बसायचंस," फादर म्हणाले. "तो जिना आता तुला चढावा लागणार नाही."

"माका थंय बसूचां नाय, फादर," कोंसू म्हणाली. "माका वर जावचां आसा. माका वाजवूचां आसा."

फादरचे डोळे पुन्हा भरून आले. त्या दिवशीच्या उपदेशात त्यांनी नाव न घेता सांगितलं की, आपल्यात एक लेकरू असं आहे, जे मानाची जागासुद्धा नम्रपणे नाकारतं. अख्खं चर्च वळून कोंसूकडे बघायला लागलं. ती बाकावर बसली होती, आणि रागाने तिचे कान तापले होते.

पुढच्या रविवारी तिने भांडून पाहिलं. फादर म्हणाले, दुसऱ्यांना आपला भार नको म्हणून ही बोलते आहे. त्याच्या पुढच्या रविवारी ती घरीच बसली. फादर सायकल घेऊन स्वतः हजर, आणि तिची आई इझाबेल धन्य झालेली. "फादर आपल्या दारात येतत गो, आणि तू तोंड फुगवून बसतंस?" तिसऱ्यांदा ती जिन्याकडे गेली, तर जिन्याच्या दाराला कुलूप. तिच्या काळजीपोटी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा. जितकी ती नाही म्हणायची, तितकी ती संत ठरत होती.

माळ्यावर मेस्त एकटे वाजवायचे. सत्तरीचा हात, थरथरायचा. बाकावर शेजारी बसलेला लवू एकदा हळूच म्हणाला, "तू वर नाय तर मेस्तांचां व्हायोलिन रेडकासारख्यां वरडता." कोंसूला हसू आलं नाही. तिला रडू आलं. वर तिला कुणी लाडकी म्हणत नव्हतं. चुकली तर मेस्त बोवाच्या, म्हणजे व्हायोलिनच्या गजाच्या, काठीने टेबलावर आपटायचे. ते आपटणंच तिला हवं होतं.

डिसेंबरातल्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, खुद्द बिशपसाहेब येणार, अशी वर्दी आली. फादरनी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं आणि चर्चमध्ये वाचूनही दाखवलं: सात लेकरं, पुढचा बाक, आणि एका मुलीला चढावा लागणारा तो क्रूर जिना आता कायमचा बंद. त्याच फेस्तासाठी मेस्तांनी कोंसूला एकटीने वाजवायची चाल दिली होती. उन्हाळ्यापासून ती घरी घासून घासून बसवली होती. ती आता वाजणार नव्हती.

फेस्ताच्या आदल्या शनिवारी ती कुबडी टेकत कुमसाराला गेली. कुमसार म्हणजे पापांची कबुली. जाळीच्या अलीकडे आपण, पलीकडे फादर, आणि तिथे बोललेलं फादरनी मरेस्तोवर कुणाला सांगायचं नाही, बिशपनाही नाही. गुडघे टेकता येत नसल्याने ती स्टुलावर बसायची.

"एका माणसाचो माका राग येता, फादर," ती म्हणाली. "रोज. तेंका बघलां की हात शिवशिवतत."

"कोण ते?"

"तुमी."

मग फादर हळू आवाजात म्हणाले, "तीन नमो मारिया म्हण."

"त्या रोज रातीक म्हणतंय. म्हणान झाल्यो की राग आणखी येता. माझ्या पापाक तां प्रायश्चित्त पुरूचां नाय." पुढचं तिने आधी ठरवलं होतं, की तिथल्या तिथे सुचलं, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. "संत लोक पापां धुवूक पायऱ्यो चढत, असां तुमीच सांगलास. माका तेवढोच एक जिनो ठावूक आसा."

"पण तो त्रास..."

"त्रास होतलो म्हणानच तर प्रायश्चित्त."

हक्क म्हणून जे मिळालं नव्हतं, ते शिक्षा म्हणून मिळालं. राग मनात आहे तोवर दर रविवारी एकोणीस पायऱ्या. कुलूप निघालं.

फेस्ताच्या दिवशी कोंसूने वाजवलं. कसं वाजवलं ते मी काय सांगू? मेस्तांनी आपलं व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कशावर काठी आपटली नाही. खाली लवूने मान वळवून माळ्याकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत तसंच ठेवलं. कोंसूला इतका आनंद झाला होता की प्रायश्चित्त असं असेल, तर लोक पापं कमी का करतात, हेच तिला कळेना.

मिसा संपली. ती बसत बसत जिना उतरून शेवटच्या पायरीवर आली, तेव्हा दाराच्या पलीकडे बिशपसाहेबांचा आवाज तिला ऐकू आला.

"तुमच्या पत्रात सात मुलं होती, फादर. बाकावर मी सहा मोजली. सातवी म्हणे माळ्यावर वाजवत होती. तो जिना तुम्ही बंद केला होता ना?"

"हो, बिशपसाहेब."

"मग आज तिला कोणी चढवलं?"

सगळा गाव भोवती उभा. एका वाक्यात सुटका होती: 'तिनेच मागितलं.' पण ते कुमसारातलं, तेवढंही बोलायची सोय नव्हती.

"मी आलो म्हणून? त्या अपंग पोरीचे हाल करून मला गाणं ऐकवलंत?"

"मीच चढवलं," फादर म्हणाले. "चूक माझी आहे."

बिशपसाहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. दिखाऊपणा, निष्ठुरपणा, तरुण रक्त, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. शेवटी बजावलं, की यापुढे ती मुलगी बाकावरच दिसली पाहिजे. फादर मान खाली घालून ऐकत होते. कान लाल झाले होते. मग बिशपसाहेबांचं लक्ष दारातल्या कोंसूकडे गेलं. त्यांनी जवळ येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नकोस, बाळ. तुला आता कुणी वाजवायला लावणार नाही."

कोंसूने फादरकडे पाहिलं आणि तिचा राग गेला. मुळासकट गेला. त्या माणसाने तिच्यासाठी गावासमोर बोलणी खाल्ली होती, आणि तिला त्यांची माया आली.

पंचाईत झाली ती इथे. बिशपांच्या हुकमापुढे टिकेल, तर ते कुमसारातलं प्रायश्चित्तच. राग संपला म्हणजे प्रायश्चित्त संपलं. प्रायश्चित्त संपलं म्हणजे बाक. आणि कुमसारात खोटं बोलणं म्हणजे थेट नरकाचं तिकीट. आठवडाभर तिने मनात राग शोधला, जुने अपमान उकरून काढले, बंद कुलूप आठवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. फादर दिसले की कान लाल झालेला तो बिचारा चेहराच तेवढा दिसायचा.

शनिवारी ती स्टुलावर बसली.

"राग आहे अजून?" फादरनी विचारलं.

"तुमचो नाय, फादर. तो गेलो."

जाळीपलीकडून सुस्कारा आला. सुटल्याचा की हरल्याचा, कोण जाणे. "मग मुली, आता मला..."

"दुसरो आसा," कोंसू म्हणाली. "बिशपसायबांचो. तेंनी माझ्या डोक्यार हात ठेवलो तेव्हापासून. मोठो आसा, फादर. आणि ते आता तीन वर्षां येवचे नायत, म्हणजे समेट होवचो कसो?"

फादर खोकले. खोकल्याला फार वेळ लागला.

"बिशपांचा राग म्हणजे भारी पाप आहे," ते शेवटी म्हणाले. "एकोणीस पायऱ्या. दर रविवारी, आणि सणासुदीलाही. अगदी उद्यापासून." मग जाळीजवळ तोंड आणून, अगदी हळू: "आणि माझ्यासाठीही प्रार्थना कर. सोमवारी मलाही वेंगुर्ल्याच्या फादरांकडे जाऊन नेमकं हेच पाप सांगायचं आहे."