किल्ल्याची कमान पेललेला दोर

मी एक जुना अंबाडीचा दोर आहे. मित्रांनो, आज मॉस्कोतल्या एका अंगणात माझ्यावर ओले कपडे वाळतात. पण एके काळी मी किल्ल्याची कमान पेलली आहे.

व्होल्गाकाठी मला पीळ बसला आणि मी थिएटरात आलो. तिथे दोर सांभाळायला जुने खलाशी ठेवत. जहाजावरची सवय त्यांच्या हाडात मुरलेली. शिट्टी ऐकली की दोर सोडायचा, विचार नंतर. म्हणून इतर कुणी थिएटरात शिट्टी वाजवायची नाही, हा नियम. नटांना तो रोज सांगावा लागे.

तेव्हा एक नवा ऑपेरा आला. इटालियन नव्हे; आपल्याच माणसाने आपल्या भाषेत रचलेला. त्यात चेटकिणीने मंतरलेल्या मुलीच्या वेषात नटी ग्लाफिरा किल्ल्याच्या कमानीखाली झोपायची आणि होडीवाल्याच्या वेषातला गायक पोर्फीरी साव्विच शेजारी बसून गायचा. गाणे संपले, दोघे बाजूला झाली, की कमान कोसळायची. ती जड लाकडी कमान माझ्यावर टांगलेली.

पोर्फीरी साव्विच गळ्याचा गोड आणि टाळ्यांचा हावरा.

"गाण्यात एक झकास शिट्टी टाकतो," तो तालमीत म्हणाला.

माझा दोरकरी, जुना खलाशी येफीम, टोपी काढून म्हणाला, "पोर्फीरी साव्विच, शिट्टी आमची. तुम्ही आपलं गा."

"मग कानात बोळे घाल, म्हाताऱ्या!"

"बोळे घातल्यावर आमची शिट्टी कोण ऐकणार, तुमची मावशी?"

पहिल्या प्रयोगाला त्याने शिट्टी वाजवलीच. येफीमच्या जोडीदाराने, लुकाने, तत्क्षणी हात सोडले. येफीमचेही हात उघडले. मी सर्रकन निसटलो आणि त्याने मला पुन्हा पकडले. तळहातांची साल निघाली. कमान हातभर खाली येऊन थांबली; पण हिसक्याने कप्पीपाशी माझा एक पेड तुटला. आता वर ओढायचीही सोय नव्हती.

"पुन्हा! पुन्हा!" प्रेक्षक ओरडले. पोर्फीरी साव्विच लवला आणि गाणे पहिल्यापासून सुरू!

"हा मेला आता दुसरी शिट्टी मारेल," येफीम कण्हला. "लुका, तिला उठव!"

माझा दुसरा पेड तडकला. लुका पडद्याआडून कुजबुजला, "ग्लाफिरा, ऊठ बाई!"

"अजून दोन कडवी आहेत," ती ओठ न हलवता म्हणाली.

"कडवी घाल चुलीत! वर बघ!"

तिने पाहिले. मंतरलेली मुलगी ताडकन उठली, होडीवाल्याची कॉलर धरली आणि त्याला भर सुरात फरफटत बाजूला नेले. मी तुटलो. कमान कोसळली. धुळीच्या ढगापलीकडून प्रेक्षक उभे राहून ओरडत होते, "पुन्हा! पुन्हा!"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने ग्लाफिराला बेशिस्त ठरवले. ती मात्र येफीमशेजारी बसून त्याला चहा पाजत होती. त्याच्या बोटांना पेला धरता येत नव्हता, पुढेही कधी आला नाही.

मित्रांनो, टाळ्या जरूर वाजवा. पण "पुन्हा" म्हणण्याआधी वरचे ओझे कुणी धरले आहे, ते बघा. दोर झिजला तर नवा आणता येतो. हात कुठून आणाल?