साठावं नाव

आमची शाळा म्हणजे बाकीच्या शाळांनी हात टेकलेल्यांची. सरकारी, फी नाही, वयाची अट नाही. पटावर साठ नावं मात्र हवीत, नाहीतर मोठ्या शाळेत विलीन. तिथे माझ्या आठ महिन्यांच्या लेकीला वर्गात कोण येऊ देणार? म्हणजे माझी दहावी दुसऱ्यांदा बुडणार.

शुक्रवारी बारापर्यंत यादी पाठवायची होती. साडेअकराला क्लार्ककाका वर्गाच्या दारातल्या टेबलावर तक्ता भरत होते. वेगळं ऑफिस आम्हाला कुठलं!

"मुली सत्तावीस, मुलगे बत्तीस. आई झालेल्या चार. बाप झालेला एक."

"एकच?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कबूल केलेला एक."

"बेरीज?"

"एकोणसाठ. बेकरीत कामाला लागलेल्या पोरानं काल नाव काढून घेतलं."

मी वहीत उगाच रेघा मारत बसले.

मागच्या बाकावर सासूबाई लेकीला मांडीवर थोपटत होत्या. मी वर्गात असेपर्यंत रोज त्याच सांभाळतात. त्या उठल्या, तिला कडेवर घेऊन थेट टेबलापाशी.

"माझं नाव घाला. सहा महिने फुकट ऐकतेय. त्या दाढीवाल्याला अजून वर्गमूळ येत नाही, मला येतं."

"आजी!" दाढीवाला कळवळला.

काकांनी फॉर्म ओढला. "शिक्षण?"

"आठवी पास. दाखला घरी आहे, आणते."

"शाळा सोडण्याचं कारण?"

"नवरा."

"रकान्यात 'लग्न' लिहितात."

"लिहा. एकूण एकच."

बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"पालकाची सही," काका म्हणाले. "वय कितीही असो, नियम आहे. घरातलं कुणीही सज्ञान चालेल."

माझ्या फॉर्मवर सासूबाईंची सही आहे, तिरकी, दाबून केलेली. आता पेन माझ्याकडे आलं. 'विद्यार्थ्याशी नातं' या रकान्यात मी 'सून' लिहिलं आणि सही ठोकली.

"पालकसभेला येशील ना?" त्या हळूच म्हणाल्या. "बाईंपुढे माझ्या चुगल्या करायच्या नाहीत."

"अभ्यास केलात तर नाही करणार, आई."

"मुली अठ्ठावीस," काकांनी खाडाखोड करून यादी पाठवली. मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "आता बाळ कोण बघणार?"

सासूबाईंनी लेकीला काकांच्याच मांडीवर ठेवलं.

"घट्ट धरा," म्हणाल्या, आणि पहिल्या बाकावर येऊन मला कोपरानं ढोसलं. "सरक."