धूळपाटीवरचं वर्ष

बाळापूरच्या अलीकडच्या एका गावात पोरांसाठी निजामाचा मदरसा होता, तिथं उर्दू. पोरींसाठी होती द्वारकाबाईंची ओसरी. ओसरीत तीन ओळी. भिंतीकडेला धूळपाटीवाल्या: फळीवर बारीक माती पसरायची, बोटानं अक्षर काढायचं, पुसायचं. मधल्या ओळीत पाटीवर काना-मात्रा घोटणाऱ्या. दाराजवळ जोडाक्षरांच्या शहाण्या. जिच्या-तिच्या वकुबाचे शब्द बाई जिला-तिला लिहायला घालायच्या, आणि बाजारात कुणी न विचारताही या पद्धतीचं कौतुक सांगायच्या.

धूळपाटी सुटायची रीत ठरलेली. पोरीच्या घरून गूळ-खोबरं यायचं, सगळ्यांच्या हातावर पडायचं, मग पाटी मिळायची. कुणाला सांगावं लागत नसे. गावात कुणाला ठाऊक नाही?

तांड्यावरून आलेली पहिली पोरगी पेमा. तिच्या घरची बोली वेगळी, पण पोरगी कानाची तिखट. दाराजवळच्या ओळीला घातलेला शब्द तिनं मातीत बिनचूक काढलेला बाईंनी संक्रांतीलाच पाहिला होता. आता आणतील गूळ, असं त्यांना वाटलं. होळी गेली, गूळ आला नाही. 'एवढाही मान ठेवता येत नाही लोकांना,' म्हणत बाई फुगून बसल्या आणि पेमाला रोज 'कमळ'च घालत राहिल्या.

पेमाला ओसरीत येऊन वर्ष होत आलं, तेव्हा एका सकाळी तिची आई रुख्मिणीबाई ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"बाई, पोरीला घेऊन चालले. तुमाला लई तकलीफ दिली तिनं."

"काहून? शिकून राहिली ना!"

"कशाची शिकते? मागून आलेल्या पाटीवर गेल्या. हिच्या डोस्क्यात बी मातीच हाय, म्हणतो हिचा बाप. परवा म्या जळणाच्या लाकडानं हाणलं. उद्यापासून ढोरामागं जाईल."

पेमाचं बोट मातीतच थांबलं.

'आजच पाटी देणार होते, बघा,' एवढं म्हटलं की झालं असतं. पोरगी राहिली असती, बाईंची अब्रूही राहिली असती. शब्द ओठांवर आलेही होते.

"पोरगी ढ न्हाई, रुख्मिणीबाई," बाई म्हणाल्या. "तिला संक्रांतीपासून सगळं येतंय. मीच गुळाची वाट बघत बसले."

"कसल्या गुळाची?"

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. बाईंनी मान खाली घालून रीत सांगितली. दाराजवळची शालू खुदकन हसली. "अगं बाई, यांना हे बी म्हाईत न्हाई!"

"गप बस!" बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की छपरावरचे पारवे उडाले.

"गूळ घरात व्हता, बाई," रुख्मिणीबाई सावकाश म्हणाली. "नुसतं सांगायचं. भेली आणून ठेवली असती."

"चूक माझी झाली."

"व्हय, तुमची. पण मार म्या दिला."

ती पेमाजवळ उकिडवी बसली, आपल्या बोलीत हळू काहीतरी बोलली. बाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. पाठीवर ठेवलेला आईचा हात पेमानं झिडकारला नाही. मग रुख्मिणीबाई उठली आणि एकटीच तांड्याच्या वाटेला लागली.

बाईंनी घरातून आपली स्वतःची पाटी आणली.

"कुठं बसू?" पेमानं विचारलं.

"दाराजवळ."

शालू सरकली. पोरींनी लेखण्या पाटीला टेकवल्या. बाईंनी शब्द घालायला तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना एकही शब्द आठवेना. पोरी वाट बघत राहिल्या.