खंडेनवमीला झोपलेला कॉम्प्युटर

हे ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याला बैल घ्यायला बाजारात एकटं पाठवू नये. तरी हिंगणीच्या भाजीपाला कंपनीच्या ओट्यावर मंडळी चहाची वाट पाहत बसली, कुसुमबाई पायरीवर मेथी निवडू लागल्या, की ही गोष्ट निघतेच.

कंपनी म्हणजे आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली. क्रेटवर नुसता नंबर. ते कोणाचं, कोणत्या गाडीत चढायचं, कोणत्या दुकानात उतरायचं, हे सगळं कॉम्प्युटरच्या पोटात. तो सांभाळायची बोरगाव मेघ्याची रंजिता. यंदा घरोघर फिरून तिनेच सांगितलं होतं, दसऱ्याची फुलं व्यापाऱ्याला देऊ नका, कंपनीत आणा. लोकांनी आणली. नवमीच्या सकाळी कोल्ड रूममध्ये एवढा झेंडू साठला की आतल्या बल्बलाही पिवळी झाक आली. आणि झेंडूचं तर माहीतच आहे. दसरा उलटला की गायसुद्धा त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.

क्रेट लागली, नोंदी झाल्या. गाड्या संध्याकाळी निघायच्या. मधल्या निवांत वेळात रंजिताने कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायला लावली आणि ती फाटकाकडे गेली.

तेवढ्यात अध्यक्ष चंद्रभान पूजेचं ताट घेऊन आले. खंडेनवमी ती. फवारणीचा पंप, वजनकाटा, ट्रॅक्टर, विळे, सगळे धुऊनपुसून ओळीने बसलेले. एकटा कॉम्प्युटरच घुरघुरत होता. चालत्या अवजाराला हळद कशी लावायची? चंद्रभाननी हात जोडून त्याची क्षमा मागितली आणि बटण दाबलं. बाजूची बॅटरी टीं टीं करून ओरडली, तर तिलाही बंद करून कुंकू लावलं.

रंजिता परत आली तेव्हा पडद्याच्या गळ्यात हार होता आणि पडदा काळा. सुरू करून पाहिलं. जुनी आवृत्ती अर्धी पुसलेली, नवी अर्धी चढलेली. एक पाय चपलेत, एक बुटात, असा तो उभाच राहीना.

"मी त काई केलं नाई. पूजा केली फक्त," चंद्रभान म्हणाले.

"कोणी हात लावू नका याले," रंजिता म्हणाली.

आवाज तिने चढू दिला नाही. घरोघर दिलेला शब्द तिला आठवत होता. प्रेमदास ड्रायव्हर म्हणाला, दोन थापा मारून पाहू, आमचा टीव्ही तसाच चालू होते. रंजिताने कॉम्प्युटरची वायर काढून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. बिघडलेल्यावर आणखी प्रयोग केले की उरलंसुरलंही जातं, हे तिला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी सगळ्याची नक्कल तिने वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली होती. ती उघडायला दुसरं यंत्र हवं होतं. काट्याजवळ एक जुना, बंद कॉम्प्युटर होता, त्यालाही कुंकू लागलेलं, पण तिने हात पुढे करताच चंद्रभान आडवे झाले.

"पोरी, पूजा झाली त्याची. आता उद्याच उचलायचा. आज त्याले आराम."

"अन् फुलायले?"

"फुलायचं मी काय सांगू. पन रिवाज म्हंजे रिवाज."

भांडत बसली असती तर संध्याकाळ तिथेच झाली असती. तिने घरी फोन लावला.

"आई, माह्या लॅपटॉपले हळद लावली का?"

"लावून राह्यली न. बोट भरलं आहे."

"थांब. बोट तिकडंच पूस. त्याची पूजा करजो नको."

"काऊन व माय? सालभर राबते बिचारा."

"आज आखीन राबू दे त्याले."

चंद्रभाननी विचार केला आणि मान डोलावली. ज्याची पूजा झाली नाही त्याला काम लावायला शास्त्रात अडचण नव्हती. बोरगावच्या भूपेंद्रच्या ऑटोतून लॅपटॉप निघाला. ऑटो इतकी सुसाट सुटली की ती हिंगणीत येऊन उभी राहिली, भूपेंद्रने चहा घेतला, कप विसळला, आणि मग त्याचा हॉर्न मागून ऐकू आला.

रंजिताने आधी जुनीच आवृत्ती चढवली. नवीचा मोह तिने धरला नाही. मग नक्कल तिच्यात ओतली. चंद्रभानना वाटलं झालं, ते ड्रायव्हरला हाक मारायला उठले. तिने त्यांना बसवलं. काल माल उतरवून घेतलेल्या दुकानदारांना फोन करून विचारलं, काल काय पोचलं? ते सांगत गेले, ती पडद्यावर ताडून पाहत गेली. सगळं जुळलं. तेव्हा कुठे ती पाणी प्यायली. तिची बोटं तर अशी चालत होती की लॅपटॉपला घाम आला आणि प्रेमदासने त्याला दुपट्ट्याने वारा घातला.

पण नक्कल आदल्या संध्याकाळची. आज सकाळी आलेली फुलं तिच्यात कुठून असणार? म्हणजे झेंडू सगळाच बेवारशी. उन्हं कलली होती आणि गाड्या रिकाम्या उभ्या होत्या.

रंजिताने डोळे मिटले. मग उठून तिने कोल्ड रूमचं दार सताड उघडलं. आणि बोर अभयारण्याच्या जंगलाकडून मधमाश्या आल्या. ज्या शेतातली माशी, ती बरोबर त्याच शेताच्या क्रेटवर बसली. तानबाची तानबाच्या, बबनरावाची बबनरावाच्या. रंजिता माशी बघायची आणि नाव टाकायची. कुसुमबाईंची माशी तर इतकी इमानी, की शेजारच्या क्रेटवर चुकून बसलेलीला तिने…

"थंड्या खोलीत माशी उडते का, भाऊजी?" पायरीवरून कुसुमबाई मला मधेच तोडत म्हणाल्या. मेथीवरची नजर त्यांनी उचलली नाही. "मले फोन आलता त्या पोरीचा. सकाळी क्रेट टाकलं की मोबाईलवर मेसेज येते न, नंबर घालून, तो मी वाचून दाखोला. तानबाले केला, बबनरावाले केला, घरोघर केला तिनं फोन. तोंड सुकलं पोरीचं बोलूबोलू. दिवस मावळाच्या आंधी गाड्या गेल्या, तेवढं खरं. माश्या साफ खोट्या."