बी.एड. कॉलेजातला पाळणा

मी पाळणा. सागवानी, लकडगंजातल्या नत्थूजी सुताराच्या हातचा. शेवटचा हात फिरवताना तो म्हणाला होता, "जा गा, कोणाच्या तरी घरी लेकरू झोपव." त्याला काय ठाऊक, की मी नागपुरातल्या एका बी.एड. कॉलेजात जाणार, जिथे लेकरांचा अभ्यास होतो, लेकरं नसतात.

मानसशास्त्राच्या खोलीत माझ्यात एक सेल्युलॉइडची बाहुली निजवली गेली. मला चिठ्ठी लागली : 'शैक्षणिक साधन क्र. ४३. हात लावू नये.' अरुंधतीबाई दरवर्षी लांबूनच छडीने मला दाखवून मातृस्पर्शाचं महत्त्व शिकवायच्या. मुली उतरवून घ्यायच्या.

१९७४ साली पारशिवनीची सुभद्रा शिकायला आली. नवरा रुपराव गावी शेती बघायचा. ती सहा महिन्यांच्या प्रेमिलाला घेऊन जरीपटक्यात एका खोलीत राहायची; पोर सांभाळायला सासू प्रयागबाई. दिवाळीनंतर प्रयागबाई मोरीत घसरल्या, पाय मोडला, त्यांना गावी न्यावं लागलं. सुभद्राचे सराव-पाठ बुडू लागले. चौथ्या दिवशी नोटीस लागली : पाठ अपुरे राहिल्यास परीक्षेचा अर्ज जाणार नाही.

पाचव्या दिवशी ती पोर कडेवर घेऊनच आली. शिपाईण जिजाबाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"काहून रडून राहिली वं?"

"घरी कोणी नाही पोट्टीले पाहाले. नाव कटवाले आली मी."

"बारा वाजता तुहा पाठ आहे ना? मंग तो घे. नाव कटवाचं मी सांगतो कारकुनाले."

आणि जिजाबाईंनी बाहुली कपाटावर टाकून प्रेमिलाला माझ्यात ठेवलं. माझ्या कड्या करकरल्या. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वजन कळलं.

प्राचार्य दत्तोपंतांनी ते पाहिलं आणि समिती नेमली. समिती तीनदा बसली. नियमांत मूल कुठेच नव्हतं. एक सभासद म्हणाले, आज एक आलं, उद्या कॉलेजाची बालवाडी होईल. हेच गृहस्थ वर्गात 'बालवाडी : काळाची गरज' शिकवत.

शेवटी अरुंधतीबाई बोलल्या. "सर, दहा वर्षं मी त्या बाहुलीवरून बालनिरीक्षण शिकवते आहे. ती अजून रांगलेली नाही."

दत्तोपंतांनी कारकुनाला बोलावलं. मग साठा-वहीत ओळ चढली : 'साधन क्र. ४४. मूल, जिवंत, नग एक.' आता सगळं नियमात बसलं. विद्यार्थिनींना पाळीपाळीने निरीक्षणाचा तास मिळाला आणि सुभद्राला पाठ घ्यायला वेळ. दूध पाजायला पंधरा मिनिटं मिळाली. शेरा होता, 'साधनाची देखभाल'.

मार्चमध्ये तिचा अंतिम पाठ शेजारच्या वर्गात होता. जिजाबाई परीक्षकांसाठी चहा आणायला गेल्या होत्या. प्रेमिलाला दात येत होते. तिने असं भोकाड पसरलं, की भिंतीपलीकडचा खडू थांबला. सुभद्राचा आवाजही थांबला. मी काय करणार? मला आपणहून झुलता येत नाही.

खोलीत अरुंधतीबाई एकट्याच होत्या. त्यांनी माझ्या चिठ्ठीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग छडी भिंतीला टेकवून पोरीला उचललं, पाण्याची घागर उचलावी तसं. प्रेमिलाने त्यांचा चष्मा ओढून तोंडात घातला आणि गप्प झाली. बाई तशाच आंधळ्या उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत. पलीकडे खडू पुन्हा चालू झाला.

सुभद्रा पास झाली, पारशिवनीकडच्या एका हायस्कुलात लागली. जाताना तिने विचारलं, "जिजाबाई, माहं नाव काहून नाही कटलं?"

"मी कारकुनाले सांगितलंच नाही."

त्या वर्षीच्या अहवालात 'माता-विद्यार्थिनींसाठी आमची दूरदर्शी योजना' छापून आली. फोटोत समिती आहे आणि पुढे मी. जिजाबाई नाहीत; फोटोच्या वेळी त्या खुर्च्या मांडत होत्या.

याला आठ वर्षं झाली. जिजाबाई निवृत्त झाल्या. मी ऑफिसच्या माळ्यावर आहे, एक कडी निखळलेली. योजना मात्र चालू आहे, म्हणजे तिचे अर्ज छापलेले आहेत. परवाच खाली एक बाई मूल घेऊन आली होती. कारकून म्हणाला, तीन प्रती भरा, समिती पुढल्या सत्रात बसेल. तोवर ते मूल चालायला लागेल.

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असाल, तर एक कडी घेऊन या आणि मला खाली उतरवा. सागवानी आहे, अजून धड आहे. अर्ज मागाहून भरता येईल.