पडीक शेतातले सलगम

डॉर्कसबाईंचा थोरला ॲम्ब्रोज गावाला न विचारता काहीतरी करून बसायचा आणि मग गावावरच चिडायचा. यंदा गावाने पडीक ठेवलेल्या सामाईक शेतातल्या आपल्या पट्ट्यात त्याने सलगम पेरले. पडीक शेतात सगळ्या गावाची जनावरं चरणार, ही पूर्वापार रीत. मेंढरांनी दोन दिवसांत सलगमांचा फडशा पाडला. तेव्हापासून तो जमीनदाराच्या बाजूने दारोदार फिरत होता. जमीनदाराचा बेत असा: सगळी शेतं एकत्र करून पुन्हा वाटायची, ज्याची त्याने कुंपणात घ्यायची, गावाचा चराऊ माळसुद्धा. आईच्या नावावरही पट्टे होते, म्हणून आज तो तिचा होकार मागायला आला होता.

"आई, माझा एक पट्टा ओढ्याला, एक टेकडीवर. अर्धा दिवस नांगर घेऊन चालण्यातच जातो. नवीन काही पेरावं, तर ते गावाच्या पोटात!"

डॉर्कसबाईंचा नवराही मरेपर्यंत हेच म्हणत आला होता.

"आणि शेजारची केझाया?" बाईंनी विचारलं. "तिला ना पट्टा, ना वाफा. तिची गाय माळावर जगते."

"तिला देतील की काहीतरी."

"काय देतील?"

"ते अजून ठरलं नाही."

"बरं, सलगम खाल्ले कुणाच्या मेंढरांनी?"

"जास्त करून... जमीनदाराच्याच."

"तुझं रडगाणं खरं आहे, बाळा. पण सलगम खाल्ले जमीनदाराने आणि गाय जाणार केझायाची! असल्या वाटणीला माझा होकार नाही. आणि तू तोंड वर करून मागायला आलास, याची मला लाज वाटते."